वळसा

ऋतुजा मॅडम आजही बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून येणारीजाणारी माणसं मोजत बसल्या होत्या, आणि विजयमालेला ते मुळीच रुचलं नव्हतं. स्टेशनभोवतालच्या वस्तीचा आराखडा करायला कुठल्याशा कंपनीनं त्यांना पाठवलेलं. आराखडा आपण मिळून करायचा, असं गोड बोलायच्या. मागं जुन्या चौकातून तिला उठवणारेही असंच गोड बोलले होते.

गाडीतून उतरलेला माणूस या बोळातूनच वस्तीत शिरायचा आणि विजयमालेच्या चुलीपुढं थांबून भाकरी बांधून घ्यायचा. बोळ गेला की चूल गेली.

"गर्दी दिसली की रस्ता रुंद करत्यात, अक्का," वस्तीतले म्हातारे सिद्धाप्पा म्हणाले. "बोळ रिकामा दिसू दे. मग कोन हात लावतंय?"

तिला पटलं. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही ती फुंकूनच पिणार. तिनं घरोघर निरोप धाडला: मॅडम बसल्यात तोवर सगळ्यांनी मागच्या रस्त्यानं वळसा घालायचा. स्वतःची चूलही तिनं विझवली.

मागचा रस्ता लांबचा, रणरणत्या उन्हाचा. सिद्धाप्पांची बंद गोदामं सोडली तर तिथं काहीच नव्हतं. पण म्हातारा देवमाणूस. त्यांनी गोदामांपुढं पाणपोई घातली, वर ताडपत्री बांधली. माणसं सावलीला टेकू लागली, गप्पा रंगू लागल्या.

मॅडमनी अखेर विचारलंच. "मावशी, इथून खरंच कुणी जात नाही?"

"न्हाय की. हितं कोन येतंय?"

"नक्की ना?" मॅडमचा चेहरा पडला होता.

"नक्की." डाव उलटवल्याचा आनंद विजयमालेनं पदराआड दडवला.

समाजमंदिरात सभा भरली. भिंतीवर आराखडा लावला होता. मॅडमनी सांगितलं, त्यांच्या माणसांनी मागच्या रस्त्यावरही मोजणी केली; लोक जिथून चालतात आणि जिथं थांबतात, तीच वस्तीची मुख्य वाट धरली आहे. मागच्या रस्त्याला फरसबंदी होईल, झाडं लागतील, गोदामांच्या जागी दुकानांना परवानगी मिळेल.

"वाहनतळाला मात्र कुणीच वापरत नाही ती जागा घेतली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बोळावर बोट ठेवलं.

"कोन म्हनलं वापरत न्हाय?" मागून कुणीतरी विचारलं. मॅडमनी विजयमालेकडं पाहिलं.

पहिल्या रांगेत सिद्धाप्पांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.