पाचवी बरणी

टेबलावर पोट साफ करायच्या चार वस्तू बरण्यांतून मांडल्या होत्या. व्हर्ना हॅल्व्हर्सन त्यांच्याकडे बाजारात भाजी निवडावी तशी बघत होती.

"सोनामुखीच्या चहाने मुरडा येतो," ती म्हणाली. "मिठाचं पाणी पिऊन गेल्या साली ओकले. इसबगोल आणि माती पोटात सिमेंटसारखी बसते. राहता राहिला कॉफीचा एनिमा."

"आणि ते नळीने पाणी सोडतात ते?" तिच्या मुलीने, डार्लाने विचारलं.

"सेडोना गावातल्या त्या पोरी? पाणी सोडता सोडता माझ्या आत्म्याचा रंग सांगत बसतात. आत्म्याचं मी चर्चमध्ये बघते."

डार्ला हसली. मग तिने पिशवीतून पाचवी बरणी काढली. आत पांढरी पूड होती आणि गळ्याला सुतळी बांधलेली. "ही बघ. शनिवारच्या बाजारातल्या एका बाईने दिली. पाण्यात कालवून प्यायची. मुरडा नाही, काही नाही."

बरणी आणि सुतळी डार्लाची होती. पूड तपासणीच्या दवाखान्यातली होती.

डार्लाच्या बापाला, ऑरिन हॅल्व्हर्सनला, आतड्याच्या कॅन्सरने एका उन्हाळ्यात नेलं, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून डार्ला आईच्या मागे लागली होती, एकदा आतड्यात दुर्बीण घालून बघून घे. व्हर्ना दर वसंतात पोट धुऊन काढायची आणि म्हणायची, घासलेल्या भांड्यात आणखी काय बघायचं असतं? डार्लाला तिच्या स्वतःच्या डॉक्टरीणबाई दर वर्षी बजावायच्या, तूही तपासून घे, आणि चिठ्ठीही लिहून द्यायच्या. आधी आईचं होऊ दे, असं सांगून डार्ला ती ड्रॉवरमध्ये टाकायची. बापाचे शेवटचे दिवस तिने बघितले होते. ते परत बघायची तिच्यात ताकद नव्हती.

म्हणून तिने आईच्या नावाने परस्पर वेळ घेतली. पोट तर आई हौसेने साफ करतेच. एकदा ते रिकामं झालं की दवाखान्याच्या दारात खरं सांगायचं आणि हात जोडायचे.

व्हर्नाने झाकण उघडून वास घेतला. बराच वेळ ती बरणीकडे बघत राहिली.

"घेऊ ही," व्हर्ना म्हणाली. "पण मी एकटी नाही पिणार. या घरात कुणी एकट्याने पोट साफ केलेलं नाही."

ते खरंच होतं. ऑरिनचा कशावर विश्वास नव्हता, तरी बायकोबरोबर तो दरसाल ते पाणी नाक दाबून प्यायचा. डार्लाने मान डोलावली. एक दिवस उपाशी राहून काही कुणी मरत नाही.

"मग फ्रिजमध्ये थंड करून ठेव. कोमट घशाखाली उतरत नाही."

"तुला कसं माहीत?"

"असलं पाणी पिण्यात माझा जन्म गेला, बाई."

दुसऱ्या दिवशी जेवण म्हणून गाळलेलं सूप आणि जेली होती. व्हर्नाने दुकानातून लिंबाची जेली आणली. लाल तिला नको होती. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो म्हणून दवाखान्याच्या सूचनांतही लाल जेली वर्ज्य होती, त्यामुळे डार्लाला वाटलं, देव आज आपल्या बाजूने आहे.

दुपारी दोघींनी पाण्याचा एकेक जग घेतला. व्हर्नाने स्वतःचा जग स्वतःच कालवला. डार्ला एकेक ग्लास तोंड वाकडं करत पिऊ लागली. व्हर्ना सरबत प्यावं तशी पीत होती.

"तुला काहीच कसं होत नाही?"

"सवय. तू पी, माझ्याकडे बघू नकोस."

मधेच व्हर्नाचा फोन वाजला. ती तो घेऊन व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ बोलत राहिली.

"चर्चच्या पंगतीचं," परत आल्यावर ती म्हणाली. "माझ्या जागी दुसरं नाव घालायला सांगितलं होतं. घातलं म्हणाले."

डार्लाला पुढचं ऐकायला सवड नव्हती. ती न्हाणीघराकडे पळाली.

सकाळी तिच्या पायांत त्राण नव्हतं. व्हर्ना मात्र टवटवीत होती. तिच्या स्वेटरवर पावाचा चुरा होता. परवाचा असेल, असं म्हणून डार्लाने तो झटकला.

"पोटाचं शेवटचं धुणं कॉटनवुड गावात आहे," डार्ला म्हणाली. "मी चालवते."

"तुझा अवतार बघ. किल्ली इकडे दे."

येताना आई गुंगीत असेल, आपणच चालवणार आहोत, तेव्हा जाताना चालवू दे, असा विचार करून डार्लाने किल्ली दिली. गावात शिरल्यावर डार्लाने सांगायच्या आधीच व्हर्नाने गाडी डावीकडे वळवली आणि दवाखान्यासमोर उभी केली.

डार्लाने सीटचा पट्टा सोडला नाही.

"आई, मी खोटं बोलले. ती पूड बाजारातली नव्हती. आज तुझी तपासणी आहे. रागव, बोलू नकोस माझ्याशी, पण आत चल. बाबांना बघितलंय मी. ते मला परत बघायचं नाही."

व्हर्ना समोरच्या काचेतून बघत होती. "मलाही नाही," ती हळूच म्हणाली. "चल आत."

इतकं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं काय भांडत होतो, हे डार्लाला कळेना. तिने डोळे पुसले आणि आईचा हात धरून तिला नोंदणीच्या खिडकीशी नेलं.

"हॅल्व्हर्सन," ती म्हणाली.

खिडकीतल्या बाईने कागदी पट्टा काढला आणि डार्लाच्या मनगटाला बांधला.

"माझ्या नाही, आईच्या."

"व्हर्नाची तर ऑक्टोबरमध्येच झाली. अगदी स्वच्छ निघाली. आजची वेळ डार्लाच्या नावावर आहे." बाईने व्हर्नाकडे बघितलं. "हिला गुंगीचं औषध देणार. घरी कोण नेणार?"

व्हर्नाने किल्ली काचेवर वाजवली.

"मी. ऑरिन हिचा बाप होता. माझा नुसता नवरा."