जादा प्रत

पाचवा अर्ज साहेबांनी हातात घेतला, पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्याच नजर कागदावर लावली. बाई टेबलासमोर जीव मुठीत धरून उभ्या होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली, पाठीमागचं लोखंडी कपाट उघडलं, अर्ज आत ठेवला आणि किल्ली फिरवली. त्याच कपाटात बाईंचा पासपोर्ट होता.

झालं. बाई आल्या पावली परत फिरल्या.

आठ महिन्यांपूर्वी त्या या परक्या देशात इंग्रजी शिकवायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी कारकुनाने पासपोर्ट मागून घेतला होता. परवान्याच्या कामाला लागतो मॅडम, दोन दिवसांत परत. ते दोन दिवस अजून संपायचे होते. तिकडे गावी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकलून झालं होतं. आईचा हट्टच तसा. "पट्टी सोडतील तेव्हा पहिलं तुझं तोंड दिसलं पाहिजे. तू नसलीस तर मी टेबलावर चढायचीच नाही," असं ती फोनवर ठणकावून सांगायची. डॉक्टरांनी आता शेवटची तारीख दिली होती, येत्या सोमवारची. त्यानंतर डोळा हातचा जाईल, असं बजावलंही होतं.

"अगं, तोंडाने सांगून बघ ना एकदा," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे बाईंच्याच गावाकडच्या, सहा वर्षं इथे मुरलेल्या मास्तरीण. संस्थेच्या फाटकाच्या आत इंग्रजीखेरीज अवाक्षर काढायचं नाही असा नियम, त्यामुळे दोघींच्या मराठीला बसथांब्यावर तोंड फुटायचं.

"सांगितलं की. जिन्यात गाठून सगळं सांगितलं. मान खाली घालून ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले. 'अर्ज'."

"मग बरोबर आहे. अर्ज इंग्रजीत, बंद पाकिटात, थेट साहेबांच्या हातात. त्यांच्या थोरल्या बहिणीने घालून दिलेला नियम. संस्था तिचीच होती. गेल्या वर्षी ती गेली, आणि हे लाकडाच्या वखारीतून उठून तिच्या खुर्चीत बसले. तिचा एकही नियम मोडू देत नाहीत बघ."

साहेबांचा दरारा मात्र विलक्षण होता. दाराला डोकं लागेल अशी उंची. ते व्हरांड्यातून निघाले की मुलं आपोआप भिंतीला चिकटायची, पालक खुर्चीतून उठायचे. फाटकाच्या आत त्यांना सलग चार शब्द बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. बाईंना त्यांचा राग यायचा, धाकही वाटायचा, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त अचंबा वाटायचा. एवढा पसारा हा माणूस न बोलता चालवतो तरी कसा, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं.

त्यातून बाईंवर साहेबांची खास मेहेरनजर. दर आठवड्याला कारकून नवा हुकूम घेऊन हजर. वर्गाचं दार उघडं ठेवा. साहेबांची खोली बरोब्बर समोर, तेव्हा एकेक शब्द तिकडे जाणार. फळा संध्याकाळपर्यंत पुसू नका. हळू बोला. मुलांना सरावाचा जो कागद द्याल त्याची एक जादा प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवा, उत्तरं न लिहिता. आणि एकदा तर कहरच झाला. मागच्या मंगळवारचा धडा पुन्हा घ्या, म्हणे. त्या मंगळवारी साहेब तापाने घरी झोपून होते. तरी धडा फसला हे त्यांना कळलं कसं, बाई विचार करून थकल्या.

"फाइल तयार होतेय तुझी," काकूंनी निदान केलं. "दुसऱ्या एका संस्थेत हेच बघितलंय मी. पासपोर्ट अडकवायचा, चुका गोळा करायच्या आणि मग हातात नारळ द्यायचा."

मग बाईही इरेला पेटल्या. चूक सापडूच द्यायची नाही. एकेक शब्द फोडून सांगायचा, फळ्यावर ठळक काढायचा, तीनतीनदा म्हणून घ्यायचा. मुलं धडाधड पुढे जायला लागली. बाई मात्र रोज वर्गातून बाहेर पडताना समोरच्या खोलीकडे बघायच्या. साहेब कागदावर पेन्सिल चालवत असायचे.

शुक्रवारी सकाळी बोलावणं आलं. कपाट सताड उघडं होतं. आत बाईंनी आठ महिन्यांत दिलेल्या जादा प्रतींचा गठ्ठा, तारीखवार लावलेला. वरच्या कागदावर जागोजागी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. संपलं आता, आईला काय सांगू, एवढंच त्यांच्या मनात आलं.

साहेबांनी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्यावर महिन्याभराच्या रजेचा कागद, सही केलेला. शेजारी बाईंचा पहिला अर्ज, पाच महिन्यांपूर्वीचा, घड्यांवर विरलेला. त्यातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीने साहेबांच्या भाषेतला एकेक शब्द बसवला होता.

साहेब खुर्चीतून उठले. एवढा धिप्पाड माणूस, पण बाईंच्या वर्गातली मुलं उत्तर द्यायला उभी राहतात तसे, हात बाजूला सरळ सोडून उभे राहिले. मग इंग्रजीत, हुबेहूब बाईंच्याच चालीवर, एकेक शब्द सुटा करत बोलले.

"उशीर झाला, बाई. वाचायला आजच जमलं."