पाणी मोजून

सोडियम ११८.
"आमची धाकटी म्हणजे सोनं आहे, सोनं!" दवाखान्याच्या खाटेवर अण्णा लेकीचा हात कुरवाळत नर्सला सांगत होते. धाकटीला रडूच फुटलं. बापाच्या तोंडून असं ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.
"रक्तातलं सोडियम उतरलंय, म्हणून बरळतायत," डॉक्टर म्हणाले. "येतील ताळ्यावर."

सोडियम १३६.
अण्णांनी हात झटकला. "तू कशाला तोंड दाखवतेस? थोरली कुठाय?"
घरी सोडताना डॉक्टरांनी धाकटीला बजावलं, "पाणी मोजूनच द्या. जास्त झालं तर सोडियम पुन्हा उतरेल."

घरी येताच धाकटीने काठोकाठ ग्लास भरला.
"प्या, अण्णा," ती त्यांच्या उशाशी बसत म्हणाली. "संपला की आणखी देते."