बाबांचं कॅफे, तळमजला

ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटा गावात, बाबांच्या कॅफेच्या कोपऱ्यावर वीस मजली इमारत उभी राहणार हे ठरलं, तेव्हा जागा देताना एव्दोकियाने बांधकाम कंपनीला एकच अट घातली: तळमजल्यावर बाबांचं कॅफे होतं तसंच राहिलं पाहिजे. बाबा त्याच हिवाळ्यात गेले.

उद्घाटनाला ती गेली, तर भिंती निळ्या-पांढऱ्या, छताला लसणाच्या माळा, आणि बाबांच्या फोटोखाली घेवड्याच्या ग्रीक आमटीचं भलंमोठं पातेलं.

"हे बाबांचं दुकान?" तिने विचारलं.

"अगदी अस्सल!" कंपनीचा ब्रेट म्हणाला. "ग्रीक माणसाचं कॅफे म्हणजे जेवण ग्रीकच असणार ना, बाई?"

मागच्या गल्लीतल्या बेरिलबाई बाबांचं जुनं गिऱ्हाईक. आमटी ओरपता ओरपता त्या रडायलाच लागल्या. "पोरी, डोळे मिटले आणि तुझा बाप समोर उभा राहिला गं! इतकी वर्षं इथे हीच चव. या नव्या पोरांना काय कळणार!"

"खरं आहे, बेरिलमावशी," एव्दोकिया म्हणाली. "अजून घ्या ना थोडी."



बाबांनी या लोकांना जन्मभर स्टेक आणि तळलेली अंडीच खाऊ घातली. घेवड्याची आमटी ते रविवारी, दुकान बंद ठेवून, मागच्या खोलीच्या खिडक्या लावून घेऊन शिजवायचे, कारण लसणाचा वास आला की बेरिलबाई नगरपालिकेत तक्रार करायच्या.