चपला घातलेला वीर

"हे आमचे नाहीत," आजी म्हणाल्या, आणि शिल्पकाराने चौथ्यांदा कोरणी खाली ठेवली.

पुतळा नऊ फुटी होता. गळ्यात टेप, पायांत चपला, छाती पुढे. मानेखालचं सगळं मंजूर झालं होतं. घोडं अडलं होतं चेहऱ्यावर. राष्ट्रवीराचा एकही फोटो नव्हता. बिचाऱ्याचं आयुष्य इतरांची मापं घेण्यात गेलेलं. त्याला जवळून पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं: त्याची ब्याण्णव वर्षांची बायको. तिच्या सहीशिवाय ओतकाम होणार नव्हतं. आज सही झाली नाही, तर काम काढून दुसऱ्या शिल्पकाराला द्यायचं ठरलं होतं. हा दुसरा शिल्पकार पहिल्याचा साडू होता.

"त्वेष कमी पडतोय का, आजी?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं. ते इतिहासाचे प्राध्यापक होते. "परकी फौज गल्लीत शिरली. समोर एकटा शिंपी. अर्धा तास उभा. एक पाऊल मागे नाही! ते बघून गल्ली बाहेर पडली, मग शहर, मग देश. चौथीच्या पोरांनाही पाठ आहे हे."

"असेल पाठ. पण ते समोर बघतच नव्हते."

डोकं अजून ओल्या मातीचं होतं, वेगळ्या फिरत्या पाटावर. आजींनी काठी अध्यक्षांच्या हातात दिली आणि पाट गर्रकन फिरवला. वीराने फौजेकडे पाठ केली. मग त्यांनी अंगठ्याने दोन्ही भुवया वर लोटल्या आणि खालचा ओठ किंचित ओढला.

शिल्पकार बघतच राहिला. हा चेहरा ओळखीचा होता. दाढी करताना तो त्याला रोज आरशात दिसायचा.

"म्हणजे ते मागे वळून मायभूमीकडे बघत होते!" अध्यक्षांनी हातातली काठी उंचावली. "परतीचे दोर स्वतःच्या हाताने कापून..."

"कसले दोर? पळतच घरी आले होते. दाराला पाठ लावून, मान मागे वळवून कोपराने धडाधडा दार वाजवत होते. मी आतून कडी घातलेली."

"फौज दिसली म्हणून?"

"फौज कुणाला दिसतेय? नुकती फरशी पुसली होती. म्हटलं, चिखलाच्या चपलांनी आत पाऊल टाकायचं नाही. उभे राहा तिथेच!"

अध्यक्ष हातातल्या काठीवर टेकले. शिल्पकाराने घाईघाईने मंजुरीचा कागद पुढे केला. आजींनी सही केली, पेनाला नीट टोपण लावलं.

"आणि दार उघडलंत कधी?" अध्यक्षांनी क्षीण आवाजात विचारलं.

"फरशी वाळल्यावर," आजी म्हणाल्या. "अर्धा तास लागतोच."