घरातलं बाहेर

नेट रडतखडत चालत होतं आणि सुनेचा संशय वरच्या बिऱ्हाडावर होता. फुकटात हात धुऊन घेतायत मेले. पण पासवर्ड बदलूनही फरक पडेना, तेव्हा तिने नेटवाल्याला बोलावलं.

त्याने वायर पाहिली, मोबाइलवर काहीतरी तपासलं. "बाहेरचं कुणी नाही, ताई. तुमच्याच घरातलं सारखं बाहेर जातंय, म्हणून आत यायला वाट उरत नाही. राउटरवरचा हा हिरवा दिवा लुकलुकला की समजायचं, जातंय."

तो गेल्यावर तिने मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, सगळं बंद केलं. दिवा विझला.

"झालं का गं नीट?" सासूबाईंनी विचारलं, आणि दिवा लुकलुकला.

सून दचकली. "आई, परत बोला."

"काय बोलू?"

दिवा दोघींच्या शब्दांबरोबर लुकलुकला आणि शब्द संपताच थांबला.

सुनेने ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंनीही तोंड मिटलं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

दोघी दिव्याकडे बघत गप्प बसून राहिल्या.

थोड्या वेळाने दिवा लुकलुकायला लागला, सावकाश, मध्ये श्वास घेत, कुणी चहाडी सांगावी तसा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.