मगरी की बाळंतपणं

“म्हणजे मगरी अजिबात नाहीत?” मास्तरांचा आवाज एवढा चढला, की टूर कंपनीच्या ऑफिसातली दोन-चार डोकी वळली.

“फेब्रुवारीत नाही दिसायच्या हो, सर,” टेबलापलीकडची मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. “वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात ते ऑगस्टच्या सुमारास. फेब्रुवारीत सगळे दक्षिणेकडच्या माळरानावर. तेव्हा त्यांना पिल्लं होतात. लाखोंनी होतात, आणि तीही दोन-तीन आठवड्यांत!”

मास्तरांचा चेहरा पडला. जन्मभर त्यांनी भूगोल शिकवला. आफ्रिकेचा धडा आला, की वर्गातली उनाड कार्टीसुद्धा चिडीचूप बसायची. वाइल्डबीस्टचे, म्हणजे त्या दाढीवाल्या धिप्पाड हरणांचे, कळप काठाशी जमलेत, पाण्यात मगरी दबा धरून आहेत, पहिली उडी कोण मारणार? मास्तर हे अशा थाटात सांगायचे, जणू परवाच तिथून परतलेत. गेले मात्र कधीच नव्हते. निवृत्तीनंतर एकदाचं जायचं ठरलं, तर डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, वर्षभरात जाऊन या, पुढचं मी सांगत नाही. म्हणजे फेरी एकच. आणि त्या एकुलत्या एका फेरीत बायकोला बघायची होती बाळंतपणं!

बायको शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. तिची सगळी नोकरी दवाखान्याच्या प्रसूती वॉर्डात गेली. गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत, आणि रंगात आले की मास्तरही. कधी काही मागणारी बाई नव्हे ती. घराला रंग कुठला द्यायचा, हेसुद्धा ती ‘तुम्हीच बघा’ म्हणून मोकळी व्हायची. त्यामुळे या वेळचा तिचा हट्ट मास्तरांना कळेचना. महिनाभर त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. रुसून पाहिलं. “अगं, आचाऱ्याने सुट्टी काढून दुसऱ्याच्या भटारखान्यात जाऊन बसावं, तसली तऱ्हा ही!” असं म्हणून चिडवूनही पाहिलं. सिस्टर ढिम्म. “फेब्रुवारी,” एवढंच म्हणायची आणि उशीत डोकं खुपसून झोपायची. शेवटी मास्तरांनी हात टेकले.

“तसं ऑगस्टच्याही दोन जागा आहेत,” मुलगी म्हणाली. “कालच कुणीतरी सोडल्या. पण आजच्या आज सांगावं लागेल.”

मास्तरांचे डोळे लकाकले. सिस्टरने त्यांच्याकडे एकवार पाहिलं. भरल्या वॉर्डात कुणाची वेळ जवळ आलीय, हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारी बाई ती. नवऱ्याचा चेहरा तिला काय कठीण!

“ऑगस्टचंच कर गं,” ती म्हणाली. “जन्मभर वाट पाहिलीय यांनी.”

“अगं, पण तू...” असं पुटपुटत मास्तरांनी कागद पुढे ओढला. पेनाचं टोपणही काढलं. आनंद लपवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“बरं झालं, काकू,” मुलगीही खूश झाली. “मघाशी म्हणालात ना, नोकरी प्रसूती वॉर्डात होती. तुम्ही काय, बाळंतपणं हजारोंनी पाहिली असतील.”

“केली,” सिस्टर हसून म्हणाली. “पाहिलं एकही नाही.”

“म्हणजे?”

“अगं, बघायला फुरसत कुठे होती? एक डोळा घड्याळावर, एक रक्तावर. नाळ मानेभोवती नाही ना, बाळ रडलं का, बाई गार पडत नाही ना... सगळं पार पडलं म्हणून मान वर करावी, तर पलीकडच्या टेबलावरून ‘सिस्टर!’ म्हणून हाक. माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मी आडवी पडून नवशिक्या नर्सला सूचना देत होते, बोल!” ती पुन्हा हसली. “तिथे म्हणे पिल्लू जमिनीवर येतं, दोनदा धडपडतं आणि बघता बघता आईमागे पळायला लागतं. कुणी हात लावायचा नाही. म्हटलं, एकदा आपणही नुसतं बसून बघावं. असू दे. मगरीही छानच असतील.”

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणाही नव्हता. मास्तरांचं पेन कागदावर तसंच थांबलं. महिनाभर त्यांनी या बाईला नद्या समजावल्या होत्या, मगरी समजावल्या होत्या, पण फेब्रुवारीच का, हे काही विचारलं नव्हतं. ड्यूटी संपवून घरी आली, की “दोघंही सुखरूप,” एवढं सांगून ती चपलांसकट आडवी व्हायची, आणि मास्तरांना वाटायचं, झालं, एवढंच असतं ते. त्यांना बायकोचा फार अभिमान वाटला.

“फेब्रुवारी,” ते म्हणाले.

“पण सर, मगरी...”

“फेब्रुवारी!” मास्तरांनी कागद परत सरकवला. “आणि तिथल्या गाइडला आत्ताच कळवून ठेवा. पिल्लू व्हायला लागलं, की हिला कुणीही हाक मारायची नाही. मीसुद्धा नाही.”